कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात? आधी अर्थिंग बघा

विहाराला जोडून अभ्यासिका काढायची म्हटली की सुरुवातीला येतात ते कुणा नोकरदार बांधवाने दान दिलेले जुने संगणक. आष्टीसारख्या ठिकाणी त्यांची दुरुस्तीही बहुधा आपलीच पोरे करतात. चांगली गोष्ट आहे. पण एक तक्रार हमखास ऐकू येते आणि ती हसण्यावारी नेली जाते : कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात.

कारण सरळ आहे. संगणकाच्या एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांपासून पत्र्याकडे एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. त्यातून झिरपणारा किंचित प्रवाह अर्थिंगच्या तारेने जमिनीत जावा, अशी योजना असते. अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने एवढ्याने कुणी दगावत नाही. मात्र उद्या आतली फेजची तार सोलून पत्र्याला टेकली, तर त्या प्रवाहाला दुसरी वाटच नाही. विहारात आपण चपला बाहेर काढतो. अभ्यासिकेतली मुले अनवाणी फरशीवर असतात. प्रवाह त्यांच्या अंगातूनच जमीन गाठणार.

आपल्याकडे अर्थिंग असूनही नसल्यासारखे होते ते पाण्यामुळे. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात ते ओल टिकावी म्हणून. आष्टी पर्जन्यछायेतला तालुका. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की माती वीज घेत नाही. टँकरच्या दिवसांत खड्ड्यात पाणी ओता म्हणणे जड जाते, म्हणून हातपाय धुण्याचे सांडपाणी तिकडे वळवावे.

काही वायरमन यावर वेगळाच उपाय करतात : सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतात. मुंग्या थांबतात, सगळे खूश. पण १४ एप्रिलला लायटिंग आणि साउंड त्याच बोर्डावरून घेतले आणि मागचा ढिला न्यूट्रल जळाला, तर चालू दिव्यांमधून जवळपास पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात. असा जोड दिसला तर त्याच दिवशी काढायला लावा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. प्रवाह अंगातून जमिनीकडे निघताच ती वीज तोडते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषयही त्यांच्याकडे होता, हे आपण जयंतीच्या भाषणात अभिमानाने सांगतो. जयंतीच्या वायरिंगकडे मात्र कुणी बघत नाही.

आता स्टॅटिक. कोरडी हवा, टेरिकॉटचा शर्ट, प्लॅस्टिकची खुर्ची, एवढ्यावर अंगावर हजारो व्होल्ट साठतात. आपल्याला ठिणगी जाणवते ती साधारण ३,००० व्होल्टला. रॅमची चिप त्याहून कितीतरी कमी दाबाने, आपल्याला काही न कळता जाऊ शकते. मग नव्या रॅमसाठी नगरची फेरी. इथे अनवाणी पाय उलट उपयोगी पडतात, कारण अंगावरचा चार्ज फरशीत उतरतो. जे चिपला हवे, तेच माणसाला धोक्याचे. हा पेच मनगटाच्या अँटिस्टॅटिक पट्ट्यात सोडवलेला आहे. त्याच्या तारेत १ मेगाओहमचा रोध असतो : चार्ज हळूच उतरतो, आणि चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी त्या वाटेने पाव मिलिअँपिअरहून कमी प्रवाह जातो. म्हणूनच पट्ट्याऐवजी मनगटाला तांब्याची उघडी तार बांधण्याचा उद्योग करू नये.

अनेक व्हिडिओंत सांगतात की पिन सॉकेटमध्येच राहू द्या, फक्त स्विच बंद करा, म्हणजे कॅबिनेट अर्थ राहते. आपल्याकडे हा सल्ला चालत नाही. बोर्डाचा स्विच एकच तार तोडतो. वायरिंग उलटे असेल तर स्विच बंद असूनही फेज आत असतो. पिन ओढूनच काढा. पॉवर बटन दहा सेकंद दाबून धरा, पत्र्याच्या रंग नसलेल्या भागाला हात टेकवा आणि पट्टा तिथेच अडकवा. आपण आणि कॅबिनेट एका पातळीवर आलो की ठिणगीला कारण उरत नाही. रॅम कडेने धरा.

एसएमपीएसचे झाकण मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो काही वेळ राहतो. पिक्चर ट्यूबच्या जुन्या मॉनिटरमध्ये तर २० हजार व्होल्टहून अधिक. तसा मॉनिटर दानात आला आणि बिघडला, तर दुरुस्तीला घेऊ नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.