औषध नेऊन पोचवणारी माणसं

सत्तावीस वर्षं मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा वैद्यकीय प्रतिनिधी होतो. सोलापूर, बार्शी, पंढरपूर हा माझा दौरा. दुपारचे दोन-दोन तास डॉक्टरांच्या बाकावर बसायचं, स्टॉकिस्टकडे माल आहे ना ते पाहायचं. उन्हाळ्यात वीज गेली, की फ्रिजमधल्या इन्सुलिनच्या काळजीनं केमिस्टचा फोन यायचा. औषध शोधणं आणि ते रुग्णापर्यंत पोचवणं हे दोन वेगळे धंदे आहेत. जेनेनटेक या कंपनीची गोष्ट मला म्हणूनच जवळची वाटते.

संशोधक हर्बर्ट बॉयर आणि भांडवलाच्या क्षेत्रातले रॉबर्ट स्वॉन्सन यांनी 1976 साली कॅलिफोर्नियात ती काढली. तोवर इन्सुलिन गुरा-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. 1978 मध्ये या चमूनं ते जिवाणूंकडून बनवून घेतलं, तेही माणसाचं. पण विकणार कोण? ना मोठा कारखाना, ना विक्रीची माणसं. रुग्ण मात्र लाखो, गावोगाव विखुरलेले. आणि एली लिली ही कंपनी 1923 पासून त्यांना इन्सुलिन पुरवत होती. जेनेनटेकनं लिलीशीच करार केला. उत्पादन आणि विक्री लिलीची, जेनेनटेकला रॉयल्टी. 1982 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आणि ‘ह्युम्युलिन’ आलं.

शोध जेनेनटेकचा आणि मोठी कमाई लिलीची, असं म्हणून हळहळणारे भेटतात. मला तो करार शहाणपणाचाच वाटतो. तेवढं जाळं विणायला वर्षं गेली असती.

पुढचं औषध होतं खुरटलेल्या मुलांसाठीचं वाढीचं संप्रेरक. पूर्वी ते मृतांच्या मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीतून काढत. त्यातून मेंदूचा जीवघेणा आजार होऊ शकतो, हे 1985 मध्ये उघड झालं आणि अमेरिकेत त्याचा पुरवठा थांबला. त्याच वर्षी जेनेनटेकच्या, जिवाणूंकडूनच बनवून घेतलेल्या ‘प्रोट्रोपिन’ला मंजुरी मिळाली. हे मात्र त्यांनी अमेरिकेत स्वतः विकलं. कारण ते लिहून देणारे तज्ज्ञ डॉक्टर मोजके, बहुतेक मोठ्या रुग्णालयांत. त्यांना गाठायला थोडे एमआर पुरत होते.

एकच कंपनी, एकच तंत्र, पण वाटा दोन. डॉक्टर किती आणि कुठे बसतात, यावर वाट ठरली.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातल्या व्हेंचर सेंटरमध्ये आज कितीतरी तरुण संशोधक नव्या कंपन्या उभ्या करताहेत. त्यांना माझी विनंती आहे: औषधाचा परवाना मोठ्या कंपनीला द्यायचा की ते स्वतः विकायचं हे ठरवण्याआधी आठवडाभर एखाद्या एमआरबरोबर एसटीनं फिरा.