लाल धाग्यातली तारीख

पांढऱ्या-तपकिरी पट्ट्यांची, पाच-सहा फुटी लोकरी घोंगडी. मधे निळीच्या गडद रेघा आणि नऊ ठिकाणी पायरीदार कडांच्या लाल शंकरपाळ्या. अमेरिकेतल्या संग्रहालयांत नवाहो या मूळ अमेरिकी समाजाची एकोणिसाव्या शतकातली अशी विणकामं ‘सरदारी घोंगडी’ म्हणून मांडलेली असतात. विणणाऱ्या बाईचं नाव बहुतेक वेळा ठाऊक नसतं. तिच्या कामाचा काळ मात्र धाग्यातून शोधता येतो.

जवळून पाहिलं, तर ताण्याचं उभं सूत दिसतच नाही. बाण्याचं आडवं सूत फणीने इतकं घट्ट ठोकलेलं असतं की सगळी नक्षी त्याच्याच रंगांनी उमटते. कुठे कुठे बारीक तिरक्या रेघा दिसतात. उभ्या मागासमोर बसून हात पोहोचेल तेवढा भाग विणायचा, मग सरकून शेजारचा. त्या दोन भागांचा हा सांधा. पांढरी आणि तपकिरी लोकर चुर्रो मेंढीची, तिच्या नैसर्गिक रंगातली. या लोकरीत तेलकटपणा कमी, त्यामुळे ती थोड्या पाण्यात स्वच्छ होते. कोरड्या मुलखात हा मोठाच गुण.

लाल रंगाची वाट लांबची आहे. तसा गडद, पक्का लाल मिळवण्यासाठी या स्त्रिया व्यापारातून आलेलं युरोपी लोकरी कापड उसवून त्याचं सूत वापरत. ते कापड कधी लाखेने रंगवलेलं असे, कधी कोचिनीलने, तर कधी दोन्हींच्या मिश्रणाने. कोचिनील म्हणजे अमेरिका खंडातल्या फड्या निवडुंगावरची कीड. लाखेचा किडा आशियातला. आपल्या विदर्भात तो पळस-कुसुमावर पोसला जातो.

डोळ्यांना दोन्ही लाल जवळपास सारखेच दिसतात. पण कोचिनीलमधलं कार्मिनिक आम्ल आणि लाखेतली लॅकेइक आम्लं प्रकाश वेगवेगळ्या प्रकारे शोषतात. धाग्याचा लहानसा तुकडा घेऊन रंग द्रावणात उतरवला की वर्णपटमापक हा फरक दाखवतो. कोलोरॅडो विद्यापीठातले मानवशास्त्रज्ञ जो बेन व्हीट यांनी शेकडो विणकामांचं सूत आणि रंग तपासून कालक्रम मांडला. साधारणपणे लाखेचा लाल आधीचा. 1860च्या दशकापासून कोचिनीलचं वर्चस्व, पुढे कृत्रिम रंग. जुनं कापड उशिराही उसवता येतं, त्यामुळे एकट्या लाखेवरून निवाडा करता येत नाही. उलट, कृत्रिम रंग सापडला तर तो धागा त्या रंगाच्या शोधाआधीचा असूच शकत नाही.

हा बदल घडत असतानाच 1864 मध्ये अमेरिकी लष्कराने हजारो नवाहोंना शेकडो मैल चालवत बॉस्के रेडोंडोच्या छावणीत नेऊन डांबलं. त्यांच्या मेंढ्या मारल्या गेल्या होत्या. 1868च्या करारानंतर ते आपल्या मुलखात परतले. गिरणीचं रंगीत सूत हाती आलं, तेही त्यांनी विणलं.

म्हणून या विणकामाला ‘जगापासून तुटलेल्या लोकांची कला’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. जगभरच्या व्यापारातून आलेला माल पारखून, मोडून, आपल्या नक्षीत बसवणाऱ्या या कसबी स्त्रिया होत्या. त्यांची नावं नोंदली गेली नाहीत. निदान त्यांची पारख तरी संग्रहालयाच्या पाटीवर ठळक लिहिली जावी.