ज्यू उपासना आणि इस्लाम

ज्यू धर्माचा गाभा म्हणजे 'शेमा', अर्थात ईश्वर एकच असल्याची घोषणा, जी श्रद्धाळू ज्यू सकाळी व रात्री उच्चारतो. इस्लाममधील कलम्याशी तिचे नाते उघड आहे, मात्र कलम्याच्या उत्तरार्धात मुहम्मद पैगंबरांच्या प्रेषितत्वाची साक्ष येते आणि तेथेच दोन्ही धर्मांच्या वाटा वेगळ्या होतात. ज्यू दिवसातून तीन वेळा जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना करतात, तर मुसलमान पाच वेळा मक्केकडे. आरंभी मुसलमानांची दिशाही जेरुसलेमच होती, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

सकाळच्या ज्यू प्रार्थनेतील 'तेफिलिन'ला मात्र इस्लाममध्ये तोड नाही: तोरा या ज्यू धर्मग्रंथातील वचने लिहिलेले चर्मपत्र ठेवलेल्या दोन लहान काळ्या डब्या चामड्याच्या पट्ट्यांनी कपाळावर आणि दंडावर बांधल्या जातात. शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा काळ, संपूर्ण विश्रांतीचा असतो. इस्लाममध्ये शुक्रवारची सामुदायिक नमाज महत्त्वाची असली, तरी ती आटोपल्यावर कामधंदा करण्यास मुभा आहे. कोकणातील ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथ पाळण्यासाठी शनिवारी ते बंद ठेवत, म्हणूनच त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले.

डुकराचे मांस दोन्हीकडे निषिद्ध आहे. पण मांस आणि दूध एकत्र न खाण्याचा नियम केवळ ज्यूंचा असल्याने बेने इस्रायली स्वयंपाकात मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध घातले जाते.