जाड पोलादात मोठे भोक

समजा, गावच्या विहिरीवर तेलावर चालणारा पंप बसवायचा आहे. पंपाखाली पोलादाची जाड प्लेट आहे. तिची जाडी १० मिलिमीटर, म्हणजे तीन सुतांहून थोडी अधिक. या प्लेटमधून अडीच इंची लोखंडी नळ विहिरीत सोडायचा आहे. विजेची तार तिथवर आलेली नाही. गॅसने कापून देणारा कारागीर तालुक्याला आहे. प्लेट तिकडे न्यावी तर गाडीभाडे पडते आणि दिवसाची खोटी होते ती वेगळीच.

लोहाराचा मुलगा विचारतो, "बाबा, एवढं मोठं भोक हातानं कसं पडायचं?"

बाप म्हणतो, "आरं, सगळं भोक कोरायचंच न्हाई. नुसती कड कापायची. मधलं आपसूक गळून पडतं."

या एका वाक्यात सगळी युक्ती आली. ती कशी, ते आता पाहू.

पहिले काम मापाचे. नळाला अडीच इंची म्हणतात. पण तो नावाचा अडीच इंची. बाहेरून मोजून पाहा. तो सुमारे ७६ मिलिमीटर भरतो, म्हणजे तीन इंच! नावावर विसंबून अडीच इंचाचे भोक पाडले, तर नळ आत जाणार नाही. सगळी मेहनत फुकट. म्हणून आधी नळ मोजावा, मग प्लेटला हात लावावा. नळ सैल जावा म्हणून आपण ७८ मिलिमीटरचे भोक धरू.

आता आखणी. प्लेट घासून स्वच्छ करा. तिच्यावर मोरचुदाचे पाणी फडक्याने लावा. पोलादावर तांब्याचा लालसर थर चढतो आणि त्यावर ओढलेली रेघ स्पष्ट दिसते. मोरचूद विषारी असते. हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका.

मध्यबिंदूवर पंचाने खूण करा. तिथे कंपासचे टोक ठेवून ३९ मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. ही आपल्या भोकाची हद्द. काम करताना रेघ पुसली जाते, म्हणून तिच्यावर जागोजाग पंचाचे बारीक ठिपके मारून ठेवा. मग आत ३५ मिलिमीटर त्रिज्येचे दुसरे वर्तुळ काढा. बारीक भोके पाडायची ती या आतल्या रेघेवर.

किती भोके? हिशेब सोपा आहे. आतल्या वर्तुळाचा व्यास ७०. त्याला २२ ने गुणून ७ ने भागा. घेर आला २२० मिलिमीटर. या घेराचे चार भाग करा. चारांचे आठ, आठांचे सोळा, सोळांचे बत्तीस. एकेक भाग पावणेसात मिलिमीटरहून किंचित मोठा झाला. प्रत्येक खुणेवर ६ मिलिमीटरचे भोक पाडले, तर दोन भोकांमध्ये एक मिलिमीटरहूनही पातळ भिंत उरते. एवढी भिंत छिन्नीने तुटते.

आता भोके पाडू या. प्लेट शिकंजाने पक्की आवळा. हाताने धरून कधीही काम करू नका. प्रत्येक खुणेवर पंच मारा, म्हणजे ड्रिलचे बिट सरकत नाही. आधी ३ मिलिमीटरचे बिट चालवा, मग ६ चे. अधूनमधून तेलाचा थेंब सोडा. हात सावकाश फिरवा, पण दाब सारखा ठेवा. नुसते घासत राहिले, तर धार बोथट होते. बिट पलीकडे निघायला आले की दाब कमी करा. घाई केली, की ते तिथेच अडकते आणि मोडते.

या बिटाला पीळ असतो. पिळातून लोखंडाचा कीस वर येतो. अशा पिळाच्या बिटाचे पेटंट अमेरिकेत स्टीफन मोर्स याने १८६३ साली घेतले. कीस कुंच्याने झाडा. तोंडाने फुंकू नका, हाताने पुसू नका.

बत्तीस भोके झाली, की छिन्नी घ्या. आधी तिचे डोके पाहा. ठोकून ठोकून ते पसरले असेल, तर घासून नीट करा. पसरलेल्या डोक्याची कपची गोळीसारखी उडते. डोळ्यांना जाड चष्मा लावल्याशिवाय हातोडा उचलू नका. प्लेट नवी आणता येते, डोळा आणता येत नाही.

पातळ भिंती एका बाजूने निम्म्या तोडा. प्लेट उलटी करून उरलेल्या तोडा. खाली लाकडी ठोकळा ठेवा. शेवटची भिंत तुटली, की मधली चकती निघून पडते. तिचे वजन सुमारे पाव किलो भरते. ड्रिलने काढलेला कीस मात्र जेमतेम सत्तर ग्रॅम! सगळे भोक कोरायला गेलो असतो, तर याच्या पाचपटीहून अधिक लोखंड किसावे लागले असते. हाताचा घाम वाचला तो इथे.

राहिले कानशीचे काम. भोकाची कड आता करवतीच्या दात्यांसारखी दिसते. अर्धगोल कानस घ्या. पुढे ढकलताना दाब द्या, मागे आणताना उचला. रेघेवरचे ठिपके निम्मे उरले, की थांबा. मग नळ घालून पाहा. कुठे अडकला, तर तेवढीच जागा घासा. जास्त घासलेले लोखंड परत भरून येत नाही.

संध्याकाळी नळ विहिरीत उतरतो. मुलगा ती चकती उचलून खिशात घालतो. तिच्या कडेचे दाते तो बोटाने मोजतो. बरोबर बत्तीस भरतात.