शेजार आणि त्याची वेस

महाड-पोलादपूरकडे शेजार म्हणजे काय, हे पावसाळ्यात कळतं. जुलै 2021 मध्ये सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली. अशा वेळी पहिलं दार शेजाऱ्याचंच उघडतं. कोणाकडे म्हातारं माणूस आहे, कोण एकटं राहतं, हे विचारावं लागत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं.

पण हे ठाऊक असणं दुधारी आहे बरं का. ज्याला तुमचं आजारपण ठाऊक, त्याला तुमची मुलगी कोणाशी बोलली तेही ठाऊक. ‘तू कोणाचा रे?’ या प्रश्नात आपुलकी असते, तशीच जातीची चौकशीही असते.

महाडचंच चवदार तळं घ्या. 1924 साली नगरपालिकेने ते सर्वांना खुलं करण्याचा ठराव केला. तरी अस्पृश्यांना तिथे पाणी भरता येईना, कारण गावाची नजर आड येत होती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह ते पाणी प्यायले, तेव्हा सत्याग्रहींना मारहाण झाली आणि मागाहून तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. हक्क पक्का झाला तो 1937 साली, उच्च न्यायालयात.

म्हणून गाव सोडून मुंबईला गेलेल्याची माया आटली, असं चटकन म्हणू नये. तिथे कोणी विचारत नाही, हे एकाचं दुःख असतं, दुसऱ्याची सुटका. आपल्या माणसाला पुरात घरात घेणं सोपं आहे. ज्याला आपण आपला धरत नाही, त्याच्यासाठी दार उघडतं का, तिथे शेजारधर्माची कसोटी लागते.