बिनतोंडाचा पतंग आणि बिनपोटाचा घोडा

ज्याला पोट आहे त्याला तें भरण्याचें साधनही निसर्गानें दिलेलें असावयाचें, असें आपण धरून चालतों. या समजुतीला धक्का देणारे दोन जीव आज आपणांपुढें ठेवावयाचे आहेत. एक ॲटलास पतंग. दुसरा समुद्रघोडा, ज्याला प्राणिशास्त्रांत हिपोकॅम्पस कुडा म्हणतात.

ॲटलास पतंग सह्याद्रीच्या रानांतही आढळतो. त्याचे पसरलेले पंख २४ सेंटिमीटरपर्यंत भरतात आणि त्यांच्या टोकांशीं सापाचें डोकें रेखाटल्याचा भास होतो. परंतु एवढ्या थाटाच्या जीवाला अन्न घेतां येईल असें तोंडच नसतें! खाणें काय तें सुरवंट असतांनाच. पेरू, दालचिनी अशा झाडांच्या पानांवर तो जी पुंजी जमवितो, तिच्यावरच पंख फुटल्यानंतरचे एकदोन आठवडे काढावयाचे. रात्रीं नर पिसांसारख्या मिशांनीं मादीचा गंध हुडकीत फिरतो. मादीनें अंडीं घातलीं कीं तिचाही अवतार संपला.

समुद्रघोड्याची तऱ्हा नेमकी उलट. त्याला नळीसारखें तोंड आहे. पण दांत नाहींत आणि जठरही नाहीं. शोषून घेतलेलें भक्ष्य आंतड्यांत फार वेळ टिकत नाहीं, म्हणून बारीक जलजीव सतत टिपीत राहणें त्याला भाग पडतें. पोहण्यांत तर हा घोडा अगदींच मंद! तेव्हां शेंपटीनें समुद्रगवताला विळखा घालावा आणि भक्ष्य जवळ येण्याची वाट पाहावी, हाच त्याचा उद्योग. त्याला आळशी मात्र म्हणूं नये. मादी आपलीं अंडीं नराच्या पोटावरील पिशवींत ठेवते आणि तीनचार आठवड्यांनीं तो बापच शेकडों पिलांना जन्म देतो.

या पिशवीमुळेंच त्याच्यावरील संकट अधिक गंभीर होतें. एक नर जाळ्यांत सांपडला, तर त्याच्याबरोबर सारी वीणही बुडते. भारतांत २००१ पासून समुद्रघोडे पकडण्यास कायद्यानें बंदी आहे. २००४ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आहेत. तरीही कोळंबीसाठीं तळ खरवडीत ओढलेल्या जाळ्यांत ते येतात आणि वाळवून औषधाच्या नांवाखालीं चोरून विकले जातात. पतंगाला जाळ्याचें भय नाहीं. त्याचा कोष मात्र पानांत गुंडाळून फांदीला लटकलेला असतो, आणि झाड तोडणाऱ्याला तें वाळकें पानच वाटतें.