उणे तीसमध्ये गाडी सुरू होते कशी?

कॅनडातल्या विनिपेग शहरात जानेवारीत उभ्या गाड्यांकडे नीट पाहिलं, तर पुढच्या जाळीतून विजेची एक वायर बाहेर लोंबताना दिसते. तिच्या टोकाला तीन पिनांचा साधा प्लग असतो. अनेक ऑफिसांच्या आणि राहत्या इमारतींच्या पार्किंगमध्ये गाडीच्या जागेपाशीच सॉकेट बसवलेली असतात. गाडी तर पेट्रोलवर चालते, मग तिला वीज कशाला? तर इंजिन ऊबदार ठेवायला. जानेवारीत इथे रात्रीचं तापमान सरासरी उणे 20 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि उणे 30 ची रात्र उजाडली तरी कुणाला नवल वाटत नाही.

इतक्या थंडीत इंजिन तीन कारणांनी अडतं. पहिलं कारण तेल. आपल्याकडे थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते; इंजिन ऑइल तसं गोठत नसलं तरी बरंच दाट होतं. त्या दाट तेलात रुतलेला क्रँकशाफ्ट आणि पिस्टन फिरवायला स्टार्टरला फार जोर लावावा लागतो. शिवाय इंजिन सुरू झालं तरी ते तेल वरच्या भागांपर्यंत पोहोचायला वेळ घेतं आणि तेवढा वेळ धातूवर धातू जवळजवळ कोरडाच घासतो. म्हणून तेलाच्या डब्यावरचा पहिला आकडा महत्त्वाचा. 0डब्ल्यू-20 किंवा 5डब्ल्यू-30 यांतला डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याआधीचा आकडा जितका लहान तितकं ते तेल थंडीत पातळ. इंजिन फिरवण्याची चाचणी 0डब्ल्यू तेलासाठी उणे 35 अंशांवर घेतात, 5डब्ल्यूसाठी उणे 30 वर आणि 15डब्ल्यूसाठी उणे 20 वर.

दुसरं कारण बॅटरी. तिच्या आतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे 18 अंशांवर साध्या लेड-ॲसिड बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते. म्हणजे स्टार्टरला जास्त जोर हवा असतो, नेमकी तेव्हाच बॅटरी कमी पडते. तिसरं कारण इंधन. पेट्रोल पेट घेतं ते वाफ झाल्यावर, आणि गार सिलिंडरमध्ये त्याची वाफ नीट होत नाही. ही कमतरता भरून काढायला गाडीचा संगणक जास्त पेट्रोल सोडतो. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन टाकतं.

या तिन्हींपैकी तेल आणि इंधन यांची अडचण इंजिनाचा धातू गरम असला की बरीच सुटते. हे जुन्या काळापासून माहीत होतं. कॅनडाच्या उत्तरेकडे विमानं नेणारे वैमानिक रात्री इंजिनातलं तेल काढून घेत आणि सकाळी ते शेगडीवर तापवून पुन्हा ओतत. मोटारीसाठी सुटसुटीत उपाय सापडला तो अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात. ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी सिलिंडर हेडचा एक बोल्ट काढून त्या जागी पोकळ बोल्ट बसवला आणि त्यात विजेवर तापणारी कांडी घातली. 1949 साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं.

आजचा असा हीटर, म्हणजे ब्लॉक हीटर, बहुधा वेगळ्या जागी बसतो. इंजिनाचा ब्लॉक ओतताना आतली वाळू काढण्यासाठी त्याला गोल भोकं ठेवलेली असतात आणि नंतर ती धातूच्या झाकणांनी बंद करतात. त्यांतलं एक झाकण काढून तिथे हीटर बसवतात. त्याची कांडी ब्लॉकमधल्या कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवात, बुडालेली राहते. कूलंट तापलं की हलकं होऊन वर चढतं, गार कूलंट खाली येतं आणि पंप बंद असतानाही ऊब ब्लॉकभर पसरते. मोटारीचा हीटर साधारण 400 ते 1,000 वॉटचा असतो.

हे कूलंटही नीट मिसळलेलं हवं. पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल निम्मं निम्मं घेतलं तर मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपास गोठतं. निव्वळ ग्लायकॉल ओतलं तर आणखी चांगलं, असं वाटेल; पण ते उणे 13 अंशांवरच गोठतं. मिश्रणाचं प्रमाण तपासायचं साधं उपकरण गॅरेजमध्ये असतं, ते हिवाळ्याआधी लावून पाहावं.

हीटर लावायचा कधी? पारा उणे 15 च्या खाली जाणार असेल तर लावावा. हवामानाच्या बातमीत वाऱ्यामुळे जाणवणारं तापमानही सांगतात, पण ते माणसाच्या कातडीसाठी असतं. वाऱ्याने इंजिन लवकर गार होतं, मात्र हवेच्या खऱ्या तापमानाच्या खाली ते जात नाही.

आणि किती वेळ? इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. रात्री जेवण झालं की प्लग लावायचा आणि सकाळी काढायचा, ही सर्रास सवय. पण काही तासांत हीटर देतो तेवढी उष्णता इंजिन हवेत सोडू लागतं आणि तापमान वाढायचं थांबतं. पुढची वीज फक्त पार्किंगची हवा तापवते. कॅनडा सरकारचा नैसर्गिक संसाधन विभाग गाडी सुरू करण्याआधी दोन तास पुरेसे मानतो. कडाक्याच्या थंडीत तीन धरा. 600 वॉटचा हीटर दहा तास चालला तर 6 युनिट जळतात, तीन तासांत 1.8. सकाळी सातला निघायचं असेल तर टायमर चारला लावून झोपावं. याच विभागाच्या म्हणण्यानुसार उणे 20 अंशांवर हीटरमुळे इंधनाची 10 टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते.

वायरच्या बाबतीत हयगय नको. घरातली साधी एक्स्टेंशन वायर थंडीत कडक होते आणि तिचं आवरण तडकतं. बाहेर वापरायची, जाड तारेची, अर्थिंग असलेली वायर घ्यावी आणि दोन वायरी एकमेकींना जोडू नयेत. निघण्याआधी प्लग काढायचा, हे वेगळं सांगायला नको; तरी विसरणारे विसरतातच.

गाडी सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं जागेवर घुरघुरत ठेवायची गरज नसते. अर्ध्या मिनिटात निघावं आणि पहिली काही मिनिटं हळू चालवावी. गिअरबॉक्स, चाकांचे बेअरिंग आणि टायर गाडी चालल्याशिवाय तापतच नाहीत. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

ब्लॉक हीटर बॅटरीला मात्र ऊब देत नाही. त्यासाठी वेगळी गरम पट्टी मिळते, तशीच ऑइल चेंबरला खालून चिकटवायचीही मिळते. सॉकेट नसेल तिथे गाडीच्याच टाकीतलं थोडं इंधन जाळून कूलंट तापवणारा हीटर बसवतात. टोयोटाने प्रियसच्या दुसऱ्या पिढीत वेगळीच युक्ती केली होती. गरम कूलंट थर्मासमध्ये साठवून ते पुढच्या वेळी इंजिनात सोडायचं.

डिझेल गाड्यांना आणखी एक दुखणं असतं. डिझेलमधलं मेण थंडीत गोठून फिल्टर बंद करतं, आणि इंजिन तापवून टाकीतलं डिझेल सुटत नाही. त्यासाठी इंधनच वेगळं लागतं. 2019 साली इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं. पुण्या-मुंबईहून हिवाळ्यात लेह किंवा स्पितीला डिझेल गाडी नेणाऱ्यांनी सपाटीवर भरलेल्या साध्या डिझेलच्या भरवशावर तिथे रात्र काढू नये.

कॅनडात मॅनिटोबा, सस्कॅचवन किंवा अल्बर्टात राहायला जाणाऱ्यांनी जुनी गाडी घेताना दोन गोष्टी विचाराव्यात. ब्लॉक हीटर बसवलेला आहे का, आणि तो खरंच चालतो का? नुसती वायर लोंबते म्हणून हीटर शाबूत आहे असं धरून चालू नये. गॅरेजमध्ये तपासून घ्यावा. हे काम ऑक्टोबरात उरकावं, कारण पहिल्या कडाक्याच्या थंडीनंतर गॅरेजबाहेर रांग लागलेली असते.